तुमच्यात खमीर नाही

देवास या गावाच्या नावानेच पहिला घोळ घातला. मी पुण्याहून इंदूरच्या गाडीत बसले आणि इकडे कराडला आमच्या स्टोअरच्या पवारांनी कंपनीच्या ग्रुपवर टाकलं, 'साळुंखेबाई काल रात्री देवास गेल्या.' सकाळी आमच्या एका जुन्या डीलरने हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'फार वाईट झालं. देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो.' मागोमाग आणखी दोघांनी दुखवटा पाठवला. स्वतःचा दुखवटा मी वरच्या बर्थवर पडून वाचला. दुसरी कोणी असती तर पोट धरून हसली असती. मला मात्र हा अपशकुनच वाटला, आणि इंदूर येईपर्यंत चहाचा घोट घशाखाली उतरला नाही.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. घरातून निघताना गॅसची शेगडी बंद आहे ना ते बघायला मी जिन्यातून परत येते, आणि बंद दिसली तरी एकदा हात लावून बघते. अशा बाईने परमुलखात जाऊन काचेच्या भांड्यात जिवंत यीस्ट वाढवायला शिकावं, हे माझ्या मनात आलं नव्हतं. ते आमच्या साहेबांच्या मनात आलं.

आमची कंपनी लहान आहे. शेतीसाठी जिवाणू खतं बनवते. सुरुवातीपासून मी तिथल्या प्रयोगशाळेत आहे. आम्ही जिवाणू फ्लास्कमध्ये वाढवायचो, म्हणजे बुडाशी रुंद आणि वर चिंचोळ्या गळ्याच्या काचेच्या चंबूत. आता साहेबांनी स्टीलचा मोठा फर्मेंटर मागवला, म्हणजे जिवाणू वाढवायची बंद टाकी. तो चालवणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, तुमचं काम चोख आहे," ते म्हणाले. "पण एवढी मोठी बॅच चालवायची तर अंगात खमीर लागतं. बिघडतंय असं दिसलं की तिथल्या तिथे ठरवावं लागतं, साहेबांना फोन लावून चालत नाही. देवासला एक छोटा कोर्स आहे, तो पास होऊन या. नाहीतर मला बाहेरून एमएस्सी झालेला मुलगा आणावा लागेल. मग तुमचं पॅकिंगला बघू."

पॅकिंगचं काम वाईट नाही. पण तिथे पिशव्यांना शिवण मारायची असते, आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची सवय आहे. ती गेली तर माझं काय उरेल, हे मला सांगता येईना. सासूबाईंना कोर्सचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आंबवायला शिकायला एवढ्या लांब? तुझं इडलीचं पीठ तर कधी फुगत नाही." त्याही खोटं बोलत नव्हत्या.

देवास

जानेवारीची थंडी होती. आमच्याकडे कराडलाही थंडी पडते, पण ती ऊन आलं की निघून जाते. देवासची दुपारपर्यंत हाडात बसून राहते. गावात कुठेही उभे राहा, माताजीची टेकडी दिसते. त्यामुळे मी एकदाही रस्ता चुकले नाही, आणि चुकेन या भीतीने रोज चार माणसांना रस्ता विचारला ते वेगळं.

राहायची सोय कुमुदकाकूंकडे होती. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात आणि एक खोली मराठी बायकांना भाड्याने देतात. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्यापुढे पोहे ठेवले. वाफेवरचे मऊ पिवळे पोहे, त्यांत बडीशेप आणि साखर, वर शेव, कच्चा कांदा आणि जीरावन नावाचा आंबटतिखट मसाला. मी विचारलं, "काकू, ओलं खोबरं?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचे सगळे दिवस मी खोबऱ्याचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मला ते पोहे आवडायला लागले. आता कराडचे पोहे मला सुके वाटतात, पण हे घरात बोलायची सोय नाही.

कोर्स एका खासगी संस्थेत होता. बहुतेक मुलं पंचविशीच्या आतली, इंदूर-रतलामकडची. मी त्यांची सगळ्यांची 'दीदी'. शिकवणं हिंदीत आणि इंग्रजीत. पण प्रात्यक्षिकं घ्यायला होते ते फणसे सर. आडनाव ऐकून माझा जीव भांड्यात पडला. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, गळ्यात मफलर, सगळी मुलं त्यांना 'फणसे भिया', म्हणजे भैया, म्हणायची.

"ताई, तुम्ही आल्या ते बरं झालं," ते म्हणाले. "आमचे बाबा घरात हिंदीचा एक शब्द चालू नाही देत होते, म्हणून बोलता येतं. पण शाळा हिंदीत झाली न. मराठी वाचायला बसलो तर एकेक अक्षर जोडावं लागतं. तुमच्याशी मी शुद्ध मराठीतच बोलणार. चुकलं तर टोकून द्या."

मी टोकत गेले. 'चाबी' नाही, किल्ली. 'सफाई' नाही, स्वच्छता. ते तोंडातल्या तोंडात शब्द घोळवायचे आणि पुढच्या वेळी बरोबर वापरायचे. वर्गात सगळ्यांना 'ग्रोथ' म्हणणारा माणूस माझ्याशी बोलताना थांबून मराठी शब्द शोधायचा, याचं मला फार कौतुक वाटलं. हेच कौतुक पुढे मला भोवणार होतं.

परीक्षा कशी होती ते सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. आधी फ्लास्कमध्ये साखरेचं पोषक पाणी घ्यायचं, ते वाफेने निर्जंतुक करायचं, त्यात कणभर यीस्ट सोडायचं आणि फ्लास्क उबदार यंत्रात हलत ठेवायचा. रात्रभरात पाणी गढूळ होतं, म्हणजे यीस्ट वाढलं. हे झालं विरजण. ते विरजण सोमवारी सकाळी काचेच्या फर्मेंटरमध्ये ओतायचं आणि दिवसभर वाढ सांभाळायची. विरजण ज्याचं त्यानेच लावायचं असा नियम होता. फर्मेंटर मोजकेच, तेव्हा प्रत्येकाला एकच वेळ. बॅच उठली तर पास.

पहिला आठवडा धास्तीतच गेला. वाफेच्या कुकरची शिट्टी उडेल का, हे मी इतक्यांदा विचारलं की मुलं कुकरला 'दीदी का बम' म्हणायला लागली. शुक्रवारी विरजण लावायची वेळ आली. तारेचं कडं ज्योतीत लाल करायचं, थांबायचं, मग त्याने यीस्ट उचलून फ्लास्कमध्ये सोडायचं. कराडला हे काम मी बोलता बोलता करते. पण इथे फणसे सर मागून बघत होते आणि खिडकीतून वारा येत होता. मी तार लाल केली. खात्री वाटेना म्हणून पुन्हा लाल केली, आणि हवेतलं काही तिच्यावर बसायच्या आत झटकन यीस्ट उचलून टाकलं. कापसाचा बोळा लावला, फ्लास्क यंत्रात ठेवला आणि मग कुठे श्वास सोडला.

पीथमपूरची बस

शनिवारी आमची सहल होती पीथमपूरला, मोठा कारखाना बघायला. तिथून धार जवळ, म्हणून कुमुदकाकूंनी तिळाच्या वड्यांचा डबा माझ्या हातात दिला होता. धारला त्यांचे थोरले भाऊ राहतात, नाना. रविवारची सुट्टी त्यांच्याकडे काढायची आणि संध्याकाळी परत यायचं, असं ठरलं होतं.

बस सुटली तशी फणसे सर एकेका सीटपाशी जाऊन मुलांशी बोलायला लागले. 'बढ़िया उठा है तेरा', 'थोड़ा कम है, पर चलेगा', असं काहीबाही चाललं होतं. माझं लक्ष ड्रायव्हरकडे होतं, कारण तो मोबाईलवर बोलत होता. सर माझ्यापाशी आले, वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, एक सांगू का, वाईट नका मानू. तुमच्यात खमीर नाहीये. मी सकाळीच बघितलं."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ते माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते. तेवढ्यात मागून कोणीतरी 'भिया' म्हणून हाक मारली आणि ते तिकडे गेले.

शेजारी रतलामचा शुभम बसला होता. तो म्हणाला, "कोई बात नहीं दीदी. कॉलेज में मेरे में भी पहली बार नहीं था. बाद में आ गया."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. साहेबांनी केबिनमध्ये वापरलेला तोच शब्द, तोच. म्हणजे कराडहून इथपर्यंत माझ्याआधी येऊन तो माझी वाट बघत होता की काय? आणि यांना एका आठवड्यात कळलं? कळलं तर कळलं, भर बसमध्ये सांगायचं? शुभमसारख्या काल मिसरूड फुटलेल्या पोराने माझी समजूत काढायची? राग आला, आणि रागाखाली त्याहून वाईट काहीतरी होतं. मला वाटत होतं की ते खरंच बोलले.

कारखान्यात फर्मेंटर होते, चार मजली इमारतीएवढे. वर बघताना मान दुखली. तिथला इंजिनीअर सांगत होता की एवढ्या मोठ्या टाकीत एक नको तो जंतू शिरला तर सगळं गटारात सोडावं लागतं. बाकीचे प्रश्न विचारत होते. मी त्या टाकीखाली उभी राहून मनात पिशव्या शिवत होते.

सहल संपली तशी मी सरांना न सांगता गेटबाहेर पडले आणि धारची बस धरली. वाटेत त्यांचा फोन आला, मी घेतला नाही. पुन्हा आला, पुन्हा घेतला नाही. मग त्यांनी आवाजी निरोप पाठवला. तो मी उघडलाच नाही. आणखी काय ऐकायचं राहिलं होतं?

धार

नाना ऐंशीच्या घरातले, निवृत्त गणिताचे शिक्षक. बाजारापलीकडे एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर मुलगा आणि सून मेघा यांच्यासह राहतात. मी दारात उभी राहिले तर ते उठून उभे राहिले. "यावं, यावं. प्रवासात काही तोशीस नाही ना पडली?" तोशीस हा शब्द मी पूर्वी फक्त माझ्या आजोबांच्या तोंडी ऐकला होता. नाना मेघाला 'सूनबाई' म्हणत, मुलाला 'चिरंजीव' म्हणत, आणि चिरंजीव तेव्हा मोबाईलवर हिंदीत कोणाशी तरी गाडीच्या हप्त्यावरून भांडत होते.

रात्री दाल-बाफले होते. कणकेचे गोळे आधी उकडून, मग भाजून, मग तुपात बुडवून. तूप म्हणजे आमच्याकडे भातावर घालतात तेवढं नाही, वाटीत बाफला पोहतो. मी एकच खाल्ला तर मेघाने आणखी एक फोडून ताटात टाकला. "ताई, इतक्याने काय होतं? धारला येऊन उपाशी जाणार का?" एरवी मी चाटूनपुसून खाल्लं असतं. त्या रात्री घास तोंडात फिरत राहिला.

सकाळी नाना मला तलावापर्यंत फिरवून आणायला निघाले. येताना बाजारात त्यांनी मांडूची चिंच घेऊन दिली. हिला चिंच म्हणतात, पण फळ नारळासारखं कठीण आणि आत पांढरा आंबट गर. तो चोखता चोखता नाना म्हणाले, "कालपासून बघतो आहे, आपला चेहरा उतरलेला आहे. आमच्याकडून काही चुकलं का?"

एवढं प्रेमाने विचारल्यावर मला राहवेना. घरी येऊन बैठकीत बसल्यावर मी सगळं सांगितलं. साहेब, पॅकिंग, बस, शब्द.

"काय शब्द वापरला म्हणालात?"

"खमीर. तुमच्यात खमीर नाही म्हणाले."

नानांचा चेहरा लाल झाला. "पाहुण्या बाईला? तोंडावर? फणसे म्हणजे खातेगावचे फणसे का?"

"ठाऊक नाही."

"तेच असणार. त्याचे वडील आमच्याबरोबर शाळेत शिकवायला होते. त्यांचीही जीभ अशीच. वर्गात पोरांना टोचून बोलायचे. तेच पोरानं उचललेलं दिसतं. मी आज फोन करून विचारणार आहे."

मी "नको, नको" म्हणत होते आणि मनातून मला बरंही वाटत होतं. कोणीतरी माझ्या बाजूने चिडलं होतं. नाना चष्मा शोधायला लागले, नंबरांची वही शोधायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मेघाचा आवाज आला.

"नाना, जलेबीला वेळ लागेल हं. रात्री भिजवलं होतं, पण ह्याच्यात खमीरच नाही आलं अजून. थंडी बघा न किती."

 मी उठून स्वयंपाकघरात गेले. मेघा पातेल्यातलं जिलबीचं पीठ ढवळत होती. ते गुळगुळीत, सपाट, एक बुडबुडा नाही.

"काय नाही आलं म्हणालीस?"

"खमीर." तिने पळीने पीठ वर उचलून दाखवलं. "ते फुगतं न, जाळी पडते. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"यीस्ट?"

"हौ, तेच. यीस्ट म्हणजे खमीरच न."

मागे नाना येऊन उभे राहिले होते. "सूनबाई, तो हिंदी शब्द झाला. मराठीत खमीर म्हणजे हिंमत, पाणी."

"मग मराठीत ह्याला काय म्हणायचं?" मेघाने विचारलं. नाना आता चष्म्याबरोबर शब्दकोशही शोधायला लागले.

मला हसू आलं. मी तिथेच पाटावर बसून हसले. त्या माणसाने मला भित्री म्हटलं नव्हतं. माझ्यासाठी मराठी शब्द शोधता शोधता त्याने चांगला 'ग्रोथ' शब्द सोडून हा उचलला होता. शुभमने माझी नाही, माझ्या फ्लास्कची समजूत काढली होती. कालपासून छातीवर बसलेला दगड उतरला.

आणि लगेच दुसरा बसला. तुमच्यात खमीर नाही म्हणजे माझ्या फ्लास्कमध्ये यीस्टच नाही. विरजण मेलेलं होतं. परीक्षा उद्या सकाळी होती आणि मी इथे धारला पाटावर बसून हसत होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तो आवाजी निरोप उघडला.

"ताई, तुम्ही निघून गेल्या पण. ऐका, तुमचा फ्लास्क पाण्यासारखा साफ आहे, काहीच नाही उठलं. मी लावून दिलं असतं, पण नियम आहे, ज्याचं त्याने लावायचं. मी किल्ली गार्डजवळ ठेवतो. रविवारी संध्याकाळपर्यंत लावून घेतलं तर चालून जाईल. नंतर नाही होणार. फोन उचला न, ताई."

किल्ली म्हणाले होते. चाबी नाही.

पुन्हा देवास

मेघाने डबा भरून द्यायचं म्हटलं, नानांनी बसपर्यंत सोडायचं म्हटलं, चिरंजिवांनी कालपासूनचं भांडण शेवटी सोडून स्कूटर काढली. मी बसमध्ये बसले आणि मग इंदूरला धावतपळत चुकीच्या बसमध्ये चढले. ती उज्जैनची निघाली. कंडक्टरने चौकाबाहेर उतरवलं आणि म्हणाला, "दीदी, घबराओ मत, पीछे देवास वाली आ रही है." घाबरू नका, असं मला आजवर शेकडो माणसांनी सांगितलं आहे आणि त्याचा कधीही उपयोग झालेला नाही. पण मागून खरोखर देवासची बस आली.

संस्थेच्या फाटकाशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. फणसे सर पायरीवर बसले होते. मी इंदूरहून फोन केला होता, पण ते येतील असं वाटलं नव्हतं.

माझा फ्लास्क त्यांनी यंत्रातून काढून प्रकाशासमोर धरला. आरपार दिसत होतं. त्यातून त्यांचं नाक मोठं दिसलं.

"आता लावा परत. मी बाजूला उभा राहतो," ते म्हणाले.

नवा फ्लास्क तयार होता. मी तार ज्योतीत धरली, लाल केली, आणि यीस्टकडे हात नेला.

"थांबा," ते म्हणाले. "ताई, आता थांबा. थंड होऊ द्या तिला."

मी थांबले. 

"शुक्रवारी तुम्ही थांबल्याच नाही बहुतेक. गरम तारेने उचललं असणार, जळून गेलं बिचारं. बाहेरचं काही यायला नको म्हणून इतकी घाई, की घरचंच मेलं."

 तार थंड झाली. ती थंड व्हायला किती थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ काढणं मला किती जड गेलं होतं, हे तेव्हा कळलं. मी यीस्ट उचललं, सोडलं, बोळा लावला. सरांनी फ्लास्क यंत्रात ठेवला आणि यंत्र घुमायला लागलं.

मग मी त्यांना बसमधला घोटाळा सांगितला. माझी चूक हसण्यावारी न्यावी, एवढाच हेतू होता. मी म्हटलं, "अहो, मराठीत खमीर म्हणजे यीस्ट नाही. मराठीत एखाद्यात खमीर नाही म्हटलं तर अर्थ होतो, हा माणूस कुचकामी आहे, याच्यात दम नाही. काल रात्री मी धड जेवले नाही हो."

ते हसले नाहीत. मफलर सोडून पुन्हा गुंडाळला.

"असा होतो अर्थ?"

"हो."

"मराठीत?"

"हो. मराठीत तोच होतो."

ते यंत्राकडे बघत राहिले. "मला माहीत नाही होतं," ते म्हणाले. "आमचे बाबा मला नेहमी म्हणायचे. मी मॅट्रिकला लटकलो तेव्हा पण म्हणाले. पाहुण्यांसमोर म्हणायचे, या मुलात खमीर नाही. मला वाटायचं, म्हणताहेत की अजून उठायचा आहे. वेळ लागेल. आई पीठ झाकून चुलीजवळ ठेवायची न, तसं. मला कधी वाईट नाही वाटलं, ताई. मी वाट बघायचो."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. एवढी वर्षं या माणसाला जे लागलं नव्हतं ते मी जाऊन लावून दिलं होतं, आणि तेही गंमत म्हणून. मी म्हटलं, "तसं नसेल हो, प्रत्येक वेळी तोच अर्थ नसतो." ते "हौ, हौ" म्हणाले आणि दिवा बंद केला. काकूंकडे आल्यावर मला झोप लागेना. फ्लास्कची काळजी होतीच. पण डोळे मिटले की एक मुलगा दिसायचा, पाहुण्यांसमोर उभा, आपण कधी फुगतो याची वाट बघत.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले, तर सर माझ्याही आधी आले होते. यंत्र थांबवून त्यांनी फ्लास्क काढला आणि हातात धरून मला दाखवला. दुधासारखं गढूळ पाणी. बोळा सैल केला तर ताज्या पावाचा वास आला. ते म्हणाले, "ताई, तुमच्यात..." आणि अडकले. शब्द शोधला, सापडला नाही. मग नुसतं म्हणाले, "आहे."

त्या दिवसाचं काय सांगू? मी विरजण ओतलं. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं आणि मग फेस यायला लागला. तो भांड्याच्या गळ्यापर्यंत चढला. मी सरांकडे बघितलं. सर मुद्दाम भिंतीकडे बघत होते. फेस मारायच्या औषधाचे थेंब सोडायचे की हवा कमी करायची?  मी थेंब सोडले, थोडेच, आणि थांबले. हात मागे घेऊन थांबले. फेस बसला. संध्याकाळी आलेख काढला तेव्हा रेघ वर जात होती.

पुढच्या शनिवारी निकाल सांगितला, मी पास होते. मी बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. "बरं झालं," ते म्हणाले. "मग त्या मुलाला नको म्हणून कळवतो. सोमवारी यायचा होता तो." म्हणजे त्यांनी मुलगा बघूनही ठेवला होता. 

निघायच्या आधी फणसे सरांनी मला चौकातल्या गाडीवर पोहे खायला नेलं. रविवारनंतर आम्ही त्या विषयावर बोललो नव्हतो. माझ्या मनात ते सतत होतं आणि तोंड उघडायचा धीर होत नव्हता. नानांनी सांगितलेलंही आठवत होतं, सरांच्या वडिलांच्या जिभेबद्दल. पोह्यांची पुडी हातात आल्यावर सरच बोलले.

"बाबांना फोन केला होता, खातेगावला."

मी घास तसाच धरून ठेवला.

"विचारलं, तुम्ही मला म्हणायचे न, या मुलात खमीर नाही. त्याचा काय अर्थ होता?"

"मग?"

"पुष्कळ वेळ काहीच नाही बोलले. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, अरे, ते मी हिंदीत म्हणत होतो."

घरात हिंदीचा एक शब्द चालू न देणारा माणूस. सर पुडीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मग त्यांनी विचारलं, "असू शकतं न, ताई?"

"असू शकतं काय," मी म्हटलं. "हिंदीतच म्हणाले असणार."

त्यांनी मान हलवली आणि गाडीवाल्याकडे माझ्यासाठी आणखी शेव मागितली.